वडगावच्या मागखोलीत बांगाईची पिल्लं

समुद्री माशांची पिल्लं घरात वाढवणं अवघड का जातं, याचं उत्तर पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. बहुतेक समुद्री मासे अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. त्यातून निघालेली अळी डोळ्याला जेमतेम दिसते, आठवडेच्या आठवडे उघड्या पाण्यात तरंगत राहते आणि तिला खायला तिच्याहून बारीक जिवंत जीव लागतात. क्लाउनफिश खडकावर अंडी चिकटवून त्यांची राखण करतो, पण त्याच्याही अळ्यांसाठी आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वाढवत बसावं लागतं. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या विझिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांनी ते करून दाखवलंय, पण त्यांच्या हाताशी समुद्र आहे आणि रात्रंदिवस लक्ष ठेवायला माणसं आहेत.

बांगाई कार्डिनल या लहान समुद्री माशाचं गणित वेगळं आहे. मादीनं अंडी घातली की नर ती तोंडात घेतो. अंडी थोडीच, साधारण चाळीस ते सत्तर, पण एकेक दोन-तीन मिलिमीटरचं, म्हणजे माशाच्या मानानं भलं मोठं. वीसेक दिवसांनी ती तोंडातच फुटतात. पिल्लं आणखी आठवडा-दहा दिवस तिथंच राहतात आणि बाहेर पडतात ती थेट मासा होऊन. सहा ते आठ मिलिमीटर लांबी, अंगावर काळे पट्टे, पर लांब. त्याच दिवशी ती आर्टेमिया नावाच्या, खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची ताजी पिल्लं टिपायला लागतात. तरंगत्या अळीचा टप्पाच नाही. समुद्र घाटाखाली शंभरेक किलोमीटरवर असलेल्या आमच्या बेळगावात हे जमलं, ते याच एका गोष्टीमुळे.

आणि याच गोष्टीनं त्या माशाला त्याच्या स्वतःच्या घरात संकटात टाकलंय. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाची बेटं आहेत. हा मासा मुळात तिथलाच, दुसरीकडचा कुठलाच नाही. पिल्लू प्रवाहाबरोबर दूर जात नाही. बापाच्या तोंडातून निघालं की जवळच्या सी अर्चिनमध्ये, म्हणजे लांब काळ्या काट्यांच्या गोल समुद्री जिवामध्ये, शिरतं आणि तिथंच मोठं होतं. त्यामुळे एका बेटाचे मासे शेजारच्या बेटावर पोचत नाहीत, आणि एखाद्या खाडीतले सगळे उचलले तर ती खाडी पुन्हा भरायला बाहेरून कोणी येत नाही. वॉल्टर काउडर्न या स्वीडिश संशोधकानं १९२० मध्ये याचे नमुने जमवले, १९३३ मध्ये कौमन्स या डच शास्त्रज्ञानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि मग साठ वर्षं तो जवळजवळ विस्मरणात गेला. १९९४ मध्ये जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा जगासमोर आणला. त्यानंतर काही वर्षांतच तो शौकिनांच्या टाक्यांसाठी वर्षाला लाखोंनी पकडला जाऊ लागला. २००७ मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. हे सगळं वाचून झाल्यावर मी घरात सांगून टाकलं, की समुद्रातून पकडलेला एकही मासा आणायचा नाही. टाकीतच जन्मलेले आणायचे आणि त्यांची पिल्लं करायची.

आमचं घर वडगावात. मागच्या खोलीत सासऱ्यांचे दोन पॉवरलूम होते. ते विकले गेले, पण घरात अजून सगळे तिला मागखोलीच म्हणतात. भरलेली चार फुटी टाकी, खडक आणि स्टँड मिळून तीनशे किलोंच्या वर वजन जातं. मागासाठी केलेली काँक्रीटची जमीन त्याला पुरून उरते. मला काळजी वेगळीच होती. शेजारच्या दोन घरांत माग अजून सकाळपासून चालू असतात, त्यांची थरथर भिंतीतून येते, आणि अंडी तोंडात असलेला नर घाबरला तर ती टाकून देतो किंवा गिळतो. पण मासे लहानपणापासून त्या खडखडाटातच वाढले, तेव्हा त्यांना तो कधी खटकला नाही. उलट रविवारी माग बंद असले आणि कोणी दार आपटलं, की ते जास्त दचकतात.

पाण्याबद्दल विचारणारे खूप भेटतात. वेंगुर्ल्याहून किंवा गोव्याहून समुद्राचं पाणी आणणारे शौकीन आहेत. मे महिन्यापर्यंत ते चांगलं मिळतं. पण एकदा पाऊस लागला की किनाऱ्याचं पाणी गोडं आणि गढूळ होतं, आणि आपल्याकडचा पाऊस काही लवकर हटत नाही. मी आरओच्या पाण्यात तयार सागरी मीठ मिसळते, लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम. एक दिवस पंप लावून घुसळत ठेवते आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या उपकरणावर, घनता १.०२५ आली की वापरते. आरओतून वाया जाणारं पाणी धुण्याभांड्याला जातं. नळाला पाणी येण्याचे दिवस मोजणाऱ्या घरात ते गटारात सोडणं मला पटत नाही.

हवेच्या बाबतीत मात्र बेळगावानं मला मोठी मदत केली. मुंबईचे लोक टाकी थंड ठेवायला चिलरवर हजारो रुपये घालतात. आमच्याकडे उन्हाळ्यातले काही आठवडे सोडले तर टाकीवर एक पंखा पुरतो. इथं चिंता उलटी, थंडीची. आषाढ-श्रावणात झड लागली की दिवसभर गारठा असतो, आणि डिसेंबरच्या पहाटे तर बोलायलाच नको. या माशाला २५ ते २७ अंश सेल्सियस हवं. मी एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान लावलेत. एक बंद पडला तर दुसरा धग टिकवतो, आणि एखादा चालूच राहिला तरी त्याच्या एकट्याच्या जोरावर पाणी उकळत नाही. घरात पिल्लं करायची असतील तर पहिला खर्च यावर करावा, असं माझं ठाम मत आहे. दिवे, खडक, सजावट नंतर.

मासे बंगळूरहून रात्रीच्या बसनं आले, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, थर्मोकोलच्या पेटीत. सहा होते, सगळे नखाएवढे. या जातीत नर कोण नि मादी कोण हे नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. दुकानदार जोडी म्हणून जे विकतो ते बहुतेक वेळा दोन मासे असतात एवढंच. म्हणून लहान घोळका घ्यायचा आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्यायची. नव्या माशांना वेगळ्या टाकीत आठवडेच्या आठवडे ठेवलं, कारण या जातीत एक इरिडोव्हायरस आहे. त्याची लागण झालेले मासे आधी अन्न सोडतात, मग सुस्त पडतात, आणि त्यावर औषध नाही. या सहांनी पहिल्याच दिवशी खाल्लं, तेव्हा जिवात जीव आला.

वर्षभर ते एकत्र शांत राहिले. मग एके सकाळी दोघं टाकीच्या मधोमध आणि चौघं वरच्या एका कोपऱ्यात दाटून उभे, असं चित्र दिसलं. जोडी जमली की ती बाकीच्यांना जवळ फिरकू देत नाही. दिसायला इतके संथ मासे, पण मारतात ते अगदी जीव जाईपर्यंत. त्याच दिवशी चौघांना बाहेर काढलं. त्यातले दोन निपाणीच्या एका शौकिनाला दिले, दोन माझ्याकडे दुसऱ्या टाकीत राहिले.

पुढाकार मादी घेते. ती नराच्या अगदी अंगाला लागून उभी राहते, थरथरते, त्याला कोपऱ्याकडे ढकलत नेते, आणि हे तासन् तास चालतं. प्रत्यक्ष अंडी घालणं मात्र क्षणात उरकतं. केशरी गोळा दिसतो न दिसतो तोच नरानं तो तोंडात घेतलेला असतो. माझ्या डोळ्यांदेखत हे एकदाच झालं. एरवी कळायचं ते दुसऱ्या दिवशी. नराचा जबडा खाली फुगलेला, तोंड नीट मिटत नाही, आणि खाणं टाकलं की सगळे पुढं येतात, हा मागं राहतो. अधूनमधून तो तोंड किंचित उघडून आतली अंडी फिरवतो, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी लागतं. त्या वेळी टॉर्च लावून बघितलं तर केशरी मणी दिसतात. दिवस सरतात तसे ते फिके होतात आणि त्यांत चंदेरी ठिपके दिसायला लागतात. ते पिल्लांचे डोळे.

पहिल्या एक-दोन खेपांना नरानं अंडी आठवडाभरातच गिळली. कोवळे नर असं करतातच. त्या वेळी काही लोक सल्ला देतात, की नराचं तोंड उघडून अंडी काढून घ्या आणि बाटलीत हवेच्या बुडबुड्यांवर फिरवत उबवा. तसं करता येतं, आणि पिल्लंही जास्त वाचतात म्हणे. मला ते करायचं नव्हतं. तोंडात अंडी धरणं हे त्या माशाचं काम आहे, आणि दोन-तीन खेपांत तो ते शिकतो. ज्या नराकडून ते काम काढून घेतलं त्याची पिल्लं पुढं काय करतील, याची खात्री मला कोणी दिली नाही. मी थांबले. खोलीत येणं-जाणं कमी केलं, समोरच्या काचेला अर्ध्या उंचीपर्यंत कागद लावला, आणि पुढच्या खेपेला त्यानं अंडी धरून ठेवली.

आमच्या सासूबाईंचा जन्म मागावर गेला. माशांत त्यांना रस नव्हता. पण नर महिनाभर काही खात नाही, हे कळल्यापासून त्या सकाळी चहा घेऊन मागखोलीत जाऊन बसायला लागल्या. "बायको खाऊन पिऊन हिंडायली आणि हा उपाशी, असं कुठं असतंय काय गं?" त्यांना सांगितलं, की मादीही रिकामी नसते. जोडीच्या जागेत दुसरा मासा आला की तीच त्याला हुसकावते, आणि पुढच्या अंड्यांसाठी तिला भरपूर खावं लागतं. ते त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण रोज विचारायच्या, "उघडलं काय गं तोंड त्यानं?" नराचा पाठीकडचा भाग चिमत चाललेला त्यांच्या नजरेनं माझ्याआधी टिपला होता.

तो चिमतोच. महिन्याभराच्या उपासात मासा डोळ्यादेखत वाळतो. आणि मादी, पोट भरलेलं असलं तर, त्यानं पिल्लं सोडल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा अंडी घालायला तयार होते. पिल्लांच्या हव्यासापायी जोडी तशीच एकत्र ठेवली तर दोन-चार खेपांत नर खंगतो. माझ्या टाकीत भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकचा पडदा आहे. पिल्लं सोडली की नर पडद्याच्या एका बाजूला, मादी दुसऱ्या बाजूला. दोघं एकमेकांना दिसतात, जोडी तुटत नाही, आणि नराला मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी असं दिवसातून तीनदा मिळतं. कोळंबी कॅम्पातल्या मच्छी मार्केटमधून आणते, अगदी ताजी असली तरच. त्याची पाठ पुन्हा गोल झाली की मगच पडदा काढायचा. कितीही मागणी असली तरी यात मी घाई करत नाही.

अंडी धरल्यापासून तीन आठवड्यांनी नराला पिल्लांच्या टाकीत हलवते. जाळीनं धरायचं नाही. जाळी अंगाला लागली की तो तोंडातलं सगळं टाकून देतो. रात्री दिवे गेल्यावर मासा सुस्त असतो, तेव्हा मोठा काचेचा वाडगा पाण्यात बुडवून हलकेच त्याच्यापुढं धरायचा, हातानं मागून पाणी हलवायचं आणि तो आत आला की पाण्यासकट उचलायचा. पाणी त्याच टाकीतलं, म्हणजे सवयीचं. स्पंज फिल्टर आधीपासून मोठ्या टाकीत चालवून मुरवून ठेवलेला. नव्या कोऱ्या स्पंजमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू नसतात, आणि पिल्लांच्या टाकीत दिवसभर खाणं पडत असल्यामुळे अमोनिया चढायला एक रात्रही पुरते.

पिल्लांना लपायला जागा लागते. खरा सी अर्चिन कुठून आणणार? काळ्या केबल टायचा जुडगा पीव्हीसीच्या टोपणाला भोकं पाडून बसवला, टोकं वर, आणि तो तळाला ठेवला. पिल्लं बाहेर पडली तेव्हा पहाट झालेली होती. सगळी एकदम येत नाहीत. पाच-सात येतात, बाप थांबतो, पुन्हा काही येतात. चाळिशीच्या आसपास भरली, आणि प्रत्येकानं सरळ त्या काळ्या काट्यांचा रस्ता धरला. कोणी शिकवलेलं नाही, अर्चिन कधी पाहिलेला नाही. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "शिकवलेलंच असतंय की, त्यांच्या रक्तात." बापाला त्याच दिवशी परत हलवलं. महिन्याच्या उपाशी माशासमोर इतकी लहान तोंडं ठेवणं बरं नव्हे.

खरं कष्टाचं काम इथून पुढं. पिल्लं आर्टेमिया खातात खरी, पण नुसती आर्टेमिया खाऊन जगत नाहीत. आर्टेमियात डीएचए हे मेदाम्ल जवळपास नसतं, आणि समुद्री माशाचं पिल्लू ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाही. नुसत्या आर्टेमियावर वाढवलेली पिल्लं काही दिवस छान दिसतात. मग एक दिवस कोणी अचानक दिवा लावतो, पिल्लं दचकतात, ताठ होतात, तोंड उघडं राहतं आणि तिथंच मरतात. कोल्हापूरच्या एका मित्राची अख्खी खेप अशी एका सकाळी गेली होती. त्यानं मला ते सविस्तर सांगून ठेवलं होतं, त्याचं ऋण मोठं आहे. माझ्या पिल्लांच्या टाकीशेजारी रात्रभर शून्याचा दिवा चालू असतो, म्हणजे उजेड एकदम पडत नाही, आणि आर्टेमिया भरवल्याशिवाय मी टाकीत सोडत नाही.

भरवायची म्हणजे अशी. शीतपेयाची दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची. पाण्यात लिटरमागे पंचवीस ग्रॅम मीठ, तापमान २८ अंश, दिवा लावलेला, आणि खालून जोराचे बुडबुडे. आर्टेमियाची कोरडी अंडी त्यात टाकली की साधारण चोवीस तासांत फुटतात. मग हवा बंद करायची. रिकामी टरफलं वर तरंगतात, जिवंत पिल्लं उजेडाकडे जातात. म्हणून दिवा तळाशी धरायचा आणि तिथून नळीनं केशरी धार काढून घ्यायची. टरफलं टाकीत गेली तर माशांच्या पिल्लांच्या आतड्यात अडकतात. ताजी फुटलेली आर्टेमिया काही खात नाही, तिला तोंडच नसतं. आठेक तासांनी कात टाकली की तोंड उघडतं. तेव्हा तिला माशाच्या तेलाचं तयार मिश्रण पाण्यात घोटून द्यायचं आणि बारा तास त्यात ठेवायचं. मग गाळून स्वच्छ धुवायची, नाहीतर ते तेल टाकीचं पाणी नासवतं. उरलेली फ्रिजमध्ये ठेवायची, कारण खोलीच्या उबेत ती पोटातलं तेल काही तासांत संपवून टाकते. म्हणजे आज संध्याकाळच्या खाण्याची तयारी परवा केलेली असते. एकाआड एक बाटल्या लावत राहावं लागतं, एक दिवस चुकवून चालत नाही.

गाळायला बाजारात जाळ्या मिळतात, पण आमची गाळणी सासूबाईंनी दिली. अर्ध्या मिलिमीटरहून लहान जीव अडला पाहिजे, पाणी मात्र झरझर गेलं पाहिजे, एवढंच सांगितलं. त्यांनी पेटीतले तुकडे काढून एकेक उजेडाकडे धरून पाहिले, दोन बाजूला टाकले आणि एका जुन्या पॉलिस्टर साडीचा पदर कापून दिला. तोच अजून वापरते. तेव्हापासून आर्टेमिया गाळायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि माझ्यापेक्षा त्यांच्या हातून टरफलं कमी जातात.

पिल्लांना दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. मी नोकरीला जाते. दुपारचं खाणं सासूबाई देतात, रात्रीचं हे. तळाचा गाळ हवेच्या बारीक नळीनं रोज ओढून काढायचा, तेवढंच पाणी त्याच क्षारतेचं आणि त्याच तापमानाचं घालायचं. दोन-तीन आठवड्यांनी कोळंबीचा अगदी बारीक कीस आर्टेमियात मिसळायला सुरुवात करते. सगळी एकदम शिकत नाहीत. धीट असतात ती आधी टिपतात, बाकीची त्यांना बघून. अंगावरचे पांढरे ठिपके उमटू लागले की गंमत येते, कारण प्रत्येकाची नक्षी निराळी असते. संशोधकसुद्धा त्या ठिपक्यांवरून एकेक मासा ओळखतात. आमच्या मुलीनं वही केली आहे, त्यात नक्षी काढून खाली नावं लिहिली आहेत.

वीज गेली तर? हा प्रश्न आपल्या भागातल्या कोणालाही पडेल. वळवाच्या पावसात झाड पडलं की तार तुटतेच. शेजारच्या मागांचा आवाज थांबला की मला झोपेतसुद्धा कळतं. इन्व्हर्टरवर मी फक्त हवेचे पंप ठेवलेत. हीटर त्यावर चालवला तर बॅटरी लगेच उतरते. टाकीतलं पाणी हळूहळू गार होतं, चार-सहा तास मासे तग धरतात. प्राणवायू मात्र पिल्लांच्या गर्दीच्या टाकीत फार लवकर संपतो. बाहेर थंडी असली तर टाकीभोवती गोधडी गुंडाळायची. शिवाय बॅटरीवरचा एक लहान पंप कोनाड्यात कायम तयार असतो.

पहिल्या खेपेतली निम्म्याहून जास्त पिल्लं जगली. नंतर प्रमाण वाढत गेलं. तीन-चार महिन्यांची झाली की देण्याजोगी होतात. ज्याची टाकी मुरलेली आहे आणि जो दोनच घेऊन दोघांना एका लहान डब्यात कोंबणार नाही, त्यालाच देते. कोल्हापूर, हुबळी, गोवा इथून लोक येतात. काहींना समुद्रातून पकडलेला मासा दुकानात स्वस्त मिळतो, ते तसं म्हणतातही. त्यांना बसवून बांगाई बेटांची गोष्ट सांगते आणि चहा देते. बरेचसे ऐकतात.

एकाच जोडीची भावंडं आपसांत जोडली तर पुढच्या पिढ्या कमकुवत होत जातात. म्हणून पणजीच्या एका बाईंशी ठरलंय. त्यांच्याकडची जोडी निराळ्या वंशाची आहे. पावसाळा संपून चोर्ला घाटाचा रस्ता बरा झाला की त्यांची चार पिल्लं इकडे येतील, माझी चार तिकडे जातील. दोघी वहीत वंश लिहून ठेवतो, कोणाचं पिल्लू कोणाकडे गेलं, ते सगळं. माझा नर सध्या पडद्याआड विश्रांतीवर आहे, आणि मागखोलीतली दुसरी टाकी येणाऱ्या चौघांच्या विलगीकरणासाठी धुऊन, मुरवायला लावली आहे.